उघडू नकोस

मशीन बंद पडायचं ते बरोबर एकाच ठिकाणी. बाजूचं लाल बटण वर केलं की आतला पंखा घरघरायला लागायचा, काळ्या पडद्यावर हिरवे आकडे भराभर चढायचे आणि सहाशे चाळीसवर येऊन थांबायचे. मग फ्लॉपीच्या खाचेजवळचा तांबडा दिवा लागायचा, करकर असा आवाज व्हायचा, आणि त्या करकरीतच सगळं गप्प. पंखा थांबलेला, पडदा काळा. पुन्हा बटण दाबावं तर पुन्हा तेच.

मालन शिवलकर शाळेत गणित शिकवायची. एखादं गणित चुकतंय म्हटल्यावर ते नेमक्या कुठल्या पायरीला चुकतंय ते शोधायचं, ही तिची वीस वर्षांची सवय. तिनं चौकटीच्या वहीचं एक पान घेतलं आणि चार रकाने पाडले. पहिल्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात विजेचा दाब, तिसऱ्यात मशीन किती सेकंद चाललं ते. चौथ्यावर तिनं लिहिलं, ‘घरात कोण’. लिहून झाल्यावर तिचं तिलाच जरा कसंतरी वाटलं, पण तिनं ते खोडलं नाही.

ही गोष्ट १९८८ सालच्या मे महिन्यातली. रत्नागिरीत तेव्हा घरात कॉम्प्युटर असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती. पेठकिल्ल्यातल्या शिवलकरांकडे तो आला कारण मालनचा नवरा काशीराम बोटीवर थर्ड इंजिनीअर होता. मागच्या नोव्हेंबरात सिंगापूरहून येताना त्यानं तो आणला, मुंबईच्या कस्टममध्ये ड्यूटी भरून सोडवला आणि एस. टी.च्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन रत्नागिरीपर्यंत आणला. दोन महिन्यांच्या रजेत रोज संध्याकाळी त्यानं मालनला शेजारी बसवून तो शिकवला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, त्यातली अकरा तो समुद्रावर होता. एका खुर्चीला खुर्ची लावून दोघं एकाच कामात तासन् तास बसलेत असं त्या अठरा वर्षांत कधी झालं नव्हतं. मालनला आकडेमोडीतलं त्याच्या आधी उमगायला लागलं तेव्हा तो खूष होऊन हसायचा. जानेवारीत बोटीवर परत जाताना त्यानं बजावलं होतं, “काही झालं तरी पत्रा खोलायचा नाही हं. आतलं नाजूक असतं.”

यंदा हेडमास्तरांनी शाळेचं वेळापत्रक मालनवर सोपवलं होतं. एकोणीस तुकड्या, एकतीस शिक्षक, एक प्रयोगशाळा. एप्रिलभर खपून तिनं त्यासाठी प्रोग्राम लिहिला. आता तो चालवायचा तेवढा बाकी होता, आणि मशीन उठायचं नाव घेत नव्हतं.

वायरमन दादू आधी आला. त्यानं मीटर लावून बघितलं. मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यांच्या मोटारी चालू झाल्या की दाब खाली जातो, त्याचंच हे असणार, असं तो म्हणाला. त्यानं कुठूनसा स्टॅबिलायझर आणून जोडला. मशीन सहाशे चाळीसवर आलं, करकरलं आणि बंद पडलं. मग त्यानं अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा आणि दोन कळशा पाणी ओतलं. मशीन बंदच पडलं. दादूनं कपाळाचा घाम पुसला.

“बाई, लाइनीत काय नाय. जो काय घोळ हाय तो ह्याच्या पोटात हाय. नायतर कुणीतरी हात लावलेला हाय.”

“हात? कोणाचा हात?”

“ते मी काय सांगू? पण मागले स्क्रू बघा की.”

मालननं मशीन वळवून बघितलं. मागे पाच स्क्रू होते. त्यातल्या दोहोंच्या खाचा उकरल्या होत्या आणि आजूबाजूच्या रंगावर ताजे ओरखडे होते. काशीराम खोलू नको म्हणून गेलेला, तिनं स्वतः कधी पेचकस लावला नव्हता.

तिनं चौकटीच्या पानाकडे बघितलं. मशीन पहिल्यांदा बंद पडलं अकरा मे, बुधवारी सकाळी. सोमवारी ते चाललं होतं. मंगळवारी दिवसभर ती शाळेत पेपर तपासायला गेली होती. मंगळवारची ओळ तिनं मागून आठवून भरली होती; तिच्या चौथ्या रकान्यात एकच नाव होतं: गोदा.

गोदा तिची थोरली जाऊ. तिचा नवरा मुंबईला गोदीत, वर्षाला गणपतीत आणि शिमग्यात येणारा. दोघी जावा एकाच घरात. कॉम्प्युटर ज्या खोलीत ठेवला ती आधी गोदाची रातांब्यांची खोली. तिथं ती कोकमं वाळवून ठेवायची. मालननं खोली घेतली तेव्हा गोदा काही बोलली नाही, पण पाट्या उचलताना त्यांचा आवाज जरा जास्तच झाला. मेच्या सुरुवातीला, ‘तुझ्या त्या खोक्यापायी यंदा माझी सोलं बुरसणार’ यावरून खटका उडाला आणि तेव्हापासून अबोला होता. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

मालनला आता एकेक आठवायला लागलं. गोदा ओलं फडकं घेऊन त्या टेबलापाशी उभी होती, तो कुठला दिवस? खोलीच्या कडीचा आवाज आला म्हणून आपण वळून बघितलं तेव्हा ती घाईनं बाहेर का पडली? चार दिवस ती जावेच्या हाताकडे बघत राहिली. गोदा कोयतीनं फणस फोडायची तेव्हासुद्धा मालनला वाटायचं, या बाईला पेचकस धरता येत नसेल असं कशावरून?

पाचव्या दिवशी दुपारी लवू आला.

लवू राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचा. काशीरामच्याच कंपनीत बोटीवर फिटर, सध्या रजेवर. सिंगापूरला हा कॉम्प्युटर घेताना तोच काशीरामबरोबर दुकानात होता, त्यानंच तो पॅक केला होता. एप्रिलमध्येही एकदा येऊन गेला होता. “काशीरामनं सांगितलंय, मशीनवर नजर ठेव म्हणून,” असं म्हणून त्यानं तासभर खुर्ची अडवली होती आणि मालन चहा करायला उठेल याची वाट बघितल्यासारखा सारखा आत बघत होता. चहा गोदानं आणून दिला होता.

आज तो ओटीवर टेकला न टेकला तोच म्हणाला, “वहिनी, मशीन बंद पडतंय ना? मी घेऊन जातो. मुंबईला माझ्या ओळखीचा माणूस आहे. आठ दिवसांत चकाचक करून आणतो.”

“तुम्हाला कोणी सांगितलं बंद पडतंय म्हणून?”

“काशीरामच्या पत्रात होतं ना.”

मालननं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. काशीरामला तिनं यातलं एक अक्षर कळवलं नव्हतं. बोट ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होती, पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागला असता.

“कधीचं पत्र, भावजी?”

“झाले चार दिवस. मी रिक्षा थांबवूनच आलोय. उचलू?”

“नको,” मालन म्हणाली. “शाळेचं काम आहे त्यात. आधी इथंच बघू.”

“इथं कोण बघणार, वहिनी? दादू?” तो हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. ते खोलीच्या दाराकडे होते. “तुम्ही शाळेत कधी जाता आता? म्हणजे दोन तास निवांत बसून मीच बघितलं असतं.”

“सुट्टी आहे. मी घरातच आहे.”

रिक्षा गेल्याचा आवाज आला तेव्हा मालन तशीच उभी होती. मशीन बंद पडल्याची बातमी दादूकडून बाजारात गेली असेल, तिथून याला कळली असेल, इथवर ठीक. पण मग पत्राची थाप कशाला?

ती सरळ मागल्या दारी गेली. गोदा पडवीत सोलं उलटत होती.

“वयनी, मी पेपर तपासायला गेले त्या मंगळवारी लवू आला होता?”

गोदानं मान वर केली नाही. “आलेला.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू बोलत व्हतीस माज्याशी? शाळेतून आलीस ती तोंड फिरवून खोलीत गेलीस. आणि नंतरचे चार दिवस माज्या हातांकडे बघत बसलीस. मला काय कळत नाय व्हय?”

मालन पडवीच्या पायरीवर बसली. गोदा थोडा वेळ सोलं उलटत राहिली आणि मग आपणच बोलायला लागली.

“पेचकस घेऊन आलेला. दोन स्क्रू पिळलेन. मी तांदूळ निवडायचं सूप घेतलं आणि तिथंच जमिनीवर बसले. म्हणाला, वहिनी, जरा पाणी आणा. म्हटलं, माठ तिथं हाय, घ्या. म्हणाला, धूळ उडेल, तुम्ही बाहेर बसा. म्हटलं, धुळीत जन्म गेला. तासभर बसला, घामाघूम झाला, ते दोन स्क्रू परत लावलेन आणि गेला. जाताना खोकं हातानं असं हलवून बघितलेन. कान लावून.”

“कान लावून?”

“व्हय. नारळात पाणी हाय का बघतात तसं.”

त्या संध्याकाळी मालननं पुन्हा मशीन लावलं. बंद पडलं. तिनं विचार केला, वीज ठीक आहे, दाब ठीक आहे. बंद पडतं ते फक्त फ्लॉपी फिरायला लागली की. फ्लॉपी फिरली की काय होतं? सगळं खोकं थरथरतं. तिनं शब्दकोशाचे दोन जाड भाग आणले आणि मशीनच्या एका कडेखाली सरकवून ते तिरकं केलं. बटण दाबलं. आकडे चढले, दिवा लागला, करकर झाली, आणि पडद्यावर ओळ उमटली. मशीन चालू झालं होतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती पुस्तकांकडे बघत राहिली. विजेला तिरकं-सरळ कळत नाही. म्हणजे आत असं काहीतरी आहे, जे हलतं. खोकं सरळ असलं की ते लोंबतं आणि थरथरलं की कुठंतरी टेकतं. तिरकं केलं की बाजूला कलून राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दादूचा पेचकस मागून आणला. पाच स्क्रू काढले. गोदा दाराची कडी लावून आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. पत्र्याचं झाकण पुढं ओढून काढलं तेव्हा जुन्या रबराचा वास आला. आत हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या गोगलगायींसारखे सुटे भाग आणि पट्ट्यांच्या वायरी. फ्लॉपीच्या चौकटीला काळ्या चिकटपट्टीनं बांधलेलं एक पुडकं लोंबत होतं. मेच्या उकाड्यानं पट्टीचा गोंद पाझरला होता आणि एक टोक सुटलं होतं, बहुतेक लवूनं खोकं हलवलं तेव्हाच. पुडक्यावर कार्बन पेपर गुंडाळला होता. तो कोपऱ्यात घासून फाटला होता आणि तिथून पिवळं काहीतरी चमकत होतं. त्याच्या बरोबर खाली, हिरव्या पाटीवर, एक छोटा काळपट डाग पडला होता.

मालननं ते सोडवलं. आकाराच्या मानानं ते भलतंच जड होतं. आत सोन्याची बिस्किटं होती, त्यांवर परदेशी शिक्के.

“आई गो,” गोदा म्हणाली आणि खाली बसली.

मालननं बिस्किटं पुन्हा कार्बन पेपरात गुंडाळली. मग गोदा म्हणाली, “त्या लवूचं हाय हे. त्यानंच पॅक केलेलं, त्यानंच भरलं असणार. काशीरामला काय ठाऊक?”

“पत्रा खोलू नको म्हणाले होते,” मालन म्हणाली.

“नाजूक असतं म्हणून म्हणाला असेल.”

“असेल.”

पण त्या ‘असेल’वर तिला झोप लागेना, जेवण जाईना. त्या दोन महिन्यांतली एकेक संध्याकाळ ती उलटीपालटी करून बघायला लागली. तो शेजारी बसायचा तो माझ्यासाठी, की खोक्यावर लक्ष ठेवायला? रजा संपायच्या आठ दिवस आधी तो मुंबईला जाऊन आला होता आणि आल्यावर गप्प गप्प होता. ‘ज्याला भेटायचं होतं तो भेटला नाही’ एवढंच बोलला होता. कोणाला भेटायचं होतं?

पुडकं ठेवायचं कुठं, हा प्रश्न गोदानं सोडवला. “माज्या पेटीत ठेव,” ती म्हणाली. “माज्यावर संशय घेतलास ना? आता माज्याकडेच ठेव.”

मालननं तिच्याकडे बघितलं. “चुकलं माझं, वयनी.”

“ते मागून बघू. चावी घे तुज्याकडे.”

पुडकं काढल्यावर मशीन पुस्तकांशिवाय चालू झालं. मालननं दोन दिवसांत वेळापत्रकाचं काम उरकलं. प्रिंटर नव्हता, म्हणून पडद्यावरचं एकेका तुकडीचं पान तिनं हातानं कार्डशीटवर उतरवून काढलं. हात काम करत होता आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्याला कसं विचारायचं? सरळ विचारलं तर तो नाही म्हणेल, खरं असो की खोटं. उत्तर असं हवं की त्यातून आपोआप कळावं.

सोमवारी ती तारघरात गेली आणि कंपनीच्या मुंबई ऑफिसच्या पत्त्यावर, काशीरामला बोटीवर पोचवा म्हणून तार केली: ‘मशीन बंद पडते. रविवारी पत्रा खोलून साफ करते. मालन.’

ठाऊक नसेल तर तो काय लिहील, याचे तिनं मनात चार प्रकार करून ठेवले होते. ‘जपून खोल.’ ‘पंखा साफ कर.’ ‘दादूला बोलाव.’ किंवा काहीच नाही. तार बोटीवर वायरलेसनं जायची, उत्तर यायला तीन-चार दिवस. त्या दिवसांत फाटक वाजलं की ती ओटीवर येऊन बघायची.

गुरुवारी सकाळी तार आली. पोस्टमन सही घेऊन गेला तरी तिनं ती लगेच फोडली नाही. गोदानं हातातलं काम टाकलं.

“फोड गो.”

‘उघडू नकोस. लवूला नेऊ दे. पत्र येत आहे. काशीराम.’

मालननं कागद जावेच्या हातात दिला. गोदाला वाचायला वेळ लागायचा. तिनं बोट फिरवत वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “मेल्यान् काय केलान हे.”

त्याच दुपारी लवू आला. या वेळी त्याच्याबरोबर एक अनोळखी माणूस होता आणि बाहेर टॅक्सी होती.

“काशीरामची तार आली असेल तुम्हाला,” लवू म्हणाला. “मलाही आली. द्या मशीन.”

“मशीन दुरुस्त झालं, भावजी.”

तो थांबला. “कोणी केलं?”

“मी.”

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, “वहिनी, ते माझं नाही. काशीरामचंही नाही. ज्यांचं आहे ती माणसं बरी नाहीत. तुमच्या नवऱ्याचा विचार करा.”

“तोच करतेय.”

अनोळखी माणूस पायरी चढायला लागला तशी गोदा दारात आली. हातात कोयती, फणसाच्या चिकानं काळी पडलेली. ती उंबऱ्यावर बसली आणि समोरचा फणस चिरायला लागली. शेजारच्या अंगणातून मथुराकाकूंनी कोण आलंय म्हणून हाक घातली. गोदानं मोठ्यानं सांगितलं, “नाट्याचा लवू आलाय गो काकू, ये, वळखतेस ना त्याला?” मथुराकाकू आल्या, त्यांच्यामागून त्यांची सून आली. त्या अनोळखी माणसानं टोपी नीट केली आणि टॅक्सीत जाऊन बसला. लवू जाताना एवढंच म्हणाला, “उद्या येतो.”

उद्यापर्यंत मालन थांबली नाही. तास-दीड तासात दोघी जावा कस्टमच्या ऑफिसात गेल्या. पुडकं गोदाच्या पिशवीत, वर कोकमं. रस्त्यात मालनचे पाय दोनदा अडले. नवऱ्याची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. दुसऱ्यांदा ती थांबली तेव्हा गोदा म्हणाली, “परत फिरायचं तर फिर. मी काय बोलणार नाय. पण मग त्या टॅक्सीतल्या माणसाला रोज पाणी द्यायला लागेल.” मालन चालायला लागली.

साहेब तरुण होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तार तिनं लपवली नाही, टेबलावर ठेवली. संध्याकाळी कस्टमची माणसं पंचांना घेऊन घरी आली आणि कॉम्प्युटर सील करून घेऊन गेली. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

लवू दोन दिवसांनी राजापूरच्या स्टँडवर सापडला. काशीरामला पुढच्या बंदरात उतरवून मुंबईला आणलं. चौकशी झाली, केस झाली. मुंबईत बिस्किटं ताब्यात घेणारा माणूस आधीच पकडला गेला म्हणून ती मशीनमध्ये अडकून पडली होती, हे काशीरामनं आपणहून सांगितलं. त्यामुळं आणि मालनच्या जबाबामुळं तो थोडक्यात सुटला. दंड झाला आणि बोटीवर नोकरी करायच्या परवान्याचं पुस्तक जप्त झालं.

दसऱ्याच्या सुमाराला तो घरी आला. वाळला होता. दोन दिवस ओटीवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मालन शाळेतून आली तेव्हा म्हणाला, “आधी मला विचारायचंस.”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “तारेनं.”

त्यानं मान खाली घातली. मालन पदरानं तोंड पुसून समोर बसली.

“एकच सांगा. ते मशीन माझ्यासाठी आणलं होतं, की त्या सोन्यासाठी?”

काशीरामनं रिकाम्या खोलीकडे बघितलं. “आणलं त्याच्यासाठी,” तो म्हणाला. “पण तुला शिकवायला बसायचो ते... ते कोणी सांगितलं नव्हतं.”

मालन उठली आणि चहा टाकायला आत गेली. त्यातलं किती खरं धरायचं हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही तिनं कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. दिवाळीनंतर काशीराम मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायला लागला. संध्याकाळी डिझेलचे हात घासून तो घरी यायचा. कधीकधी मालन दहावीच्या पोरांचे पेपर तपासत बसलेली असायची. तो तिच्या खुर्चीजवळ दुसरी खुर्ची ओढायचा, आणि ती कधी सरकून जागा करायची, कधी करायची नाही.